खोगीरभरती

एकवीस पेन ड्राइव्ह, दूधसंघाने दिलेले.
प्रत्येकावर निळी गाय
आणि प्रत्येकाच्या पोटात जागा चारशे एकोणनव्वद एमबी.
माझी सिस्टिम सहाशे अकरा.

शाळेतल्या यंत्रांत हार्ड डिस्क उरलेल्या नाहीत.
तोल्कुनबेक म्हणतो, बरंच झालं, मोडायला काही राहिलं नाही.
मुलं सकाळी गाय खोचतील, संध्याकाळी काढून खिशात घालतील,
मध्ये जे काही चालेल ते त्या गायीच्या पोटातून.

फेब्रुवारी. बाहेर उणे सव्वीस.
नारिन नदी काठाकाठाने थिजलेली,
मधोमध तेवढी काळी, चालती.

आधी खेळ काढले. पत्ते, सुरुंग, तो सापाचा.
मग चारशे जातींच्या प्रिंटरांची ओळख;
आमच्याकडे प्रिंटर एक, त्यालाही शाई नाही.
मग वॉलपेपर: कुठल्याशा समुद्रावरची संध्याकाळ.
पुन्हा मोजलं.
सहाशे तेरा.

काढलं, तर वाढलं!
तोल्कुनबेक चहात जॅम ढवळत राहिला.
खालचा थर दाबून बांधलेला असतो, म्हणाला, तिथे हात पोचत नाही.
तुझं पुसणं म्हणजे वरून डकवलेली चिठ्ठी,
'हे इथे नाही असं समजा.'
फाइल खाली जशीच्या तशी,
आणि चिठ्ठ्यांचं वजन वेगळं.

अपा शेगडीपाशी लोकर पिंजत होती.
माझ्या कामातलं तिला ओ की ठो कळत नाही.
"बांधलेला घोडा हलका होत नसतो," ती म्हणाली.
"जायलूला चढताना तुझ्या आजोबांनी
अर्ध्या वाटेवर सगळे दोर सोडले,
बर्फावर सगळं मांडलं. कढया, नमदे, माझी बाहुलीसुद्धा.
मग नव्याने बांधलं.
शिवणयंत्र खिंडीतच राहिलं.
त्या उन्हाळ्यात मी हाताने शिवायला शिकले."

म्हणून मीही दोर सोडले.
सहाशेचं गाठोडं उलगडलं तर दोन हजारांवर गेलं,
इतका पसारा कुणी कसा दाबून बसवला असेल!

भाषांच्या घड्या एकशे चार, नावं दोन-दोन अक्षरी.
रशियन ठेवली. इंग्रजी ठेवावीच लागते.
एकीवर एम आणि आर. उघडून पाहिली:
आडव्या दोरीला लटकलेली अक्षरं,
धुऊन वाळत घातल्यासारखी.
काय लिहिलंय कोण जाणे,
कुणीतरी जागून लिहिलं असणार एवढं खरं.
काढली.
आमची किर्गिझ सगळ्यांत हलकी,
शंभरातली अडतीसच वाक्यं झालेली.
ती काढून काहीच वाचलं नसतं.

पहाटे चारला चारशे शहाऐंशी.
तोल्कुनबेकला उठवलं नाही. एकटीनेच नाचले, मोजे घालून, आवाज न करता.

शाळेत पडदा उजळला,
बाण हलला,
आणि कळा दाबल्या तर काही नाही.
नुरिझाने तिचं नाव तीनदा टंकलं, मग माझ्याकडे पाहिलं.
माझ्या कीबोर्डची शेपटी चपटी,
शाळेतल्यांची गोल, जुनी.
गोल शेपटीला ओळखणारी फाइल मीच उपसून टाकलेली,
म्हटलं, आता कोण वापरतं.

"खोगीरभरती समजलीस ना," अपा म्हणाली,
"पण खोगिरातली भरती उपसली
की घोड्याची पाठ सोलवटते."
एवढं बोलून कुरुतचा खडा तोंडात टाकला.

ती फाइल त्या खड्याएवढीही नव्हती. परत घातली.
माहितीपुस्तकं सगळी गेली होती,
फक्त ज्यांनी लिहिलं त्यांच्या नावांचे कागद ठेवले;
अट आहे तशी, आणि नावं दाबली की फार जागा खात नाहीत.

तरी थोडी जागा उरली.
नुरिझाला विचारलं, काय घालू?
तिने क्षणभरही विचार केला नाही.

आता एकवीस गायींच्या पोटात
एकेक साप आहे, स्वतःची शेपटी चुकवत वाढणारा.

शिवणयंत्राचं पुढे काय झालं,
ते मात्र अपाला विचारायचं राहिलं.